गिंप (GIMP) या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सपाट उजेडाला भिंतीचा पोत कसा दिला

नाटकाच्या पोस्टरसाठी चुन्याच्या जुन्या भिंतीवर संध्याकाळचं तिरकस ऊन हवं होतं. मूळ फोटो ढगाळ दिवसाचा, त्यामुळे सगळं सपाट. नुसता ग्रेडियंट (उजळाकडून गडदकडे जाणारा रंगाचा पट्टा) ओतला तर टॉर्च मारल्यासारखं दिसायचं.

काम झालं ते बम्प मॅपने, म्हणजे चित्राच्या उजळ-गडदावरून उंचसखल पोताचा भास देणाऱ्या फिल्टरने. भिंतीच्या लेयरची (चित्राच्या थराची) कॉपी काळी-पांढरी केली. त्यावर मध्यम राखाडी रंगाचा लेयर टाकून फिल्टर्स, मॅप, बम्प मॅप उघडलं आणि ऑक्स इनपुटमध्ये (पोत कुठून घ्यायचा ते सांगायची जागा) ती कॉपी दिली. 'कॉम्पेन्सेट' चालू ठेवलं की सपाट भाग काळवंडत नाही. मग राखाडी लेयरचा मोड (खालच्या चित्रात मिसळायची पद्धत) ग्रेन मर्ज केला; त्यात मध्यम राखाडी दिसत नाही, फक्त उजेड-सावली उरते. खालच्या फोटोला धक्का नाही, प्रकाश जास्त वाटला तर त्या लेयरची ओपॅसिटी (ठळकपणा) कमी करायची.

पण भिंतीवर पानाची पिचकारी होती आणि तिथे चक्क खड्डा पडलेला दिसू लागला! फिल्टर फक्त उजळ-गडद बघतो: उजळ म्हणजे उंच, गडद म्हणजे खोल. डाग आहे की भेग, त्याला काय कळणार? तो डाग कॉपीवरच हील टूलने पुसला. जेपेगचा रवाही वाळूसारखा टोचत होता. कॉपीला दोनेक पिक्सेलचा गॉसियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) दिल्यावर पोपडे मऊ, खरे वाटायला लागले.

बम्प मॅपच्या सेटिंग्जमध्ये सगळ्यात जास्त फरक एलेव्हेशनने, म्हणजे उजेड किती उंचावरून येतो त्या कोनाने पडतो. मूळ 45 वरून 20 च्या आसपास आणलं की ऊन भिंतीला घासून जातं. डेप्थ (पोताची खोली) मात्र 3-4 च्या वर नेऊ नका, भिंत प्लॅस्टिकची दिसते. ॲझिमथ (उजेडाची दिशा) फोटोतल्या सावल्या बघून फिरवा.