मूल कसे शिकते ते पाहून वर्ग कसा बदलावा

नुकती चालू लागलेली मुले मोकळ्या खेळात तासाभरात सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले. या पडण्याचे गुण कोणी कापत नाही आणि मूलही पडल्यावर चालणे सोडून देत नाही. वर्गात मात्र एका प्रश्नाला एकच संधी मिळते आणि उत्तर चुकले की वहीवर लाल रेघ उमटते. अख्खी शाळा बदलण्याचे अधिकार बहुतेक शिक्षकांकडे नसतात. आपली तासिका कशी घ्यायची हे मात्र बरेचसे त्यांच्याच हाती असते, म्हणून सुरुवात तिथून करावी.

पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त पाहण्यासाठी ठेवावा. रोज एका मुलाकडे दहा मिनिटे पाहावे आणि जे दिसेल तेवढेच लिहावे. ‘लक्ष नव्हते’ हा आपला निकाल झाला. ‘खोडरबराचे तुकडे एकावर एक रचत होता, चौथा पडला की खालचा तुकडा फिरवून पाहत होता’ ही नोंद झाली. अशा नोंदी वाचताना लक्षात येते की त्या मुलाचे लक्ष होते, फक्त ते फळ्याकडे नव्हते.

त्यानंतर थांबायला शिकावे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद वाट पाहतात, असे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या दशकातील संशोधनात आढळले. ही वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली तेव्हा मुलांची उत्तरे लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. मनात तीन आकडे सावकाश मोजावेत आणि पहिला हात वर आला तरी लगेच नाव घेऊ नये. सुरुवातीला ही शांतता अक्षरशः खायला उठते.

खरा बदल मात्र पाठाची सुरुवात उलटी करण्यात आहे. लांबीचे एकक शिकवायचे असेल, तर व्याख्या बाजूला ठेवून सात-आठ वर्षांच्या मुलांना बाकाची लांबी वितीने मोजायला सांगावे. फळ्यावर नऊ, अकरा, साडेदहा असे आकडे येतील आणि कोण चुकले यावरून वाद सुरू होईल. इथे शिक्षकाने तोंड उघडले की पाठ संपला. वाद चालू दिला, तर कोणीतरी ‘सरांची वीत धरू या’ म्हणेल, त्यावर दुसरे कोणी ‘सर आले नाहीत तर?’ असे विचारेल आणि सर्वांकडे सारखीच असणारी, कोणाच्याही हातावर अवलंबून नसणारी वीत हवी, हे मुलांनाच पटेल. पट्टी हातात द्यायची ती त्या क्षणी. याला एक तासिका पुरत नाही, म्हणून दोन तासिका जोडून घ्याव्यात आणि तो वेळ फळ्यावरची व्याख्या उतरवून घेण्याच्या कामातून काढावा.

बक्षिसांबाबत जपून असावे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवर्गातील काही मुलांना प्रमाणपत्राचे आमिष आधी दाखवून चित्रे काढायला लावली. पुढे मोकळ्या वेळात ती मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. मूल जे आपणहून करते त्याला चांदणी चिकटवू नये, एवढे पथ्य पुरेसे आहे. वहीतल्या पहिल्या प्रयत्नालाही गुण देऊ नयेत. चूक कुठे आहे ते दाखवून दुसरी संधी द्यावी.

मात्र ‘मूल आपोआप शिकते’ हे वाक्य सगळीकडे लागू करणे मला धोक्याचे वाटते. बोलणे मूल माणसांत राहून उचलते. लिपी ही अवघ्या पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वीची मानवी युक्ती आहे आणि ती बहुतेक मुलांना नीट उलगडून शिकवावीच लागते. ‘कि’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या आधी येते, उच्चारताना मात्र नंतर, ही गोष्ट मुलाने स्वतः शोधावी म्हणून वाट पाहत बसण्यात काहीच शहाणपण नाही. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड रोज थोडा वेळ, क्रमाने आणि स्पष्टपणे शिकवावी. ज्यांच्या घरी पुस्तके नाहीत, त्या मुलांना हे शिकवण्यातल्या हयगयीचा फटका सर्वाधिक बसतो.

‘आज वहीत काहीच नाही, मग शिकवले काय?’ हा पालकांचा प्रश्न येणारच आणि तो रास्तही आहे. त्यासाठी प्रत्येक मुलाची एक फाइल ठेवावी, तिच्यात मोजमापांचे कच्चे कागद, चुकलेला प्रयत्न आणि सुधारलेला प्रयत्न तारखेसह लावावा. पालकसभेत ती फाइल मुलानेच आपल्या आईवडिलांना समजावून सांगावी आणि तेवढा वेळ शिक्षकाने वर्गाच्या मागच्या बाजूला उभे राहावे.