मुलांना गावातले प्रश्न शोधायला आणि मांडायला कसं शिकवावं

ग्रामसभेचा सभासद व्हायला मतदार यादीत नाव लागतं, म्हणजे वयाची अठरा वर्षं पूर्ण हवीत. पण शाळेच्या वाटेवरचा चिखल तुडवणं, एसटी चुकली की अंधारात चालत येणं, घरचं पाणी भरणं हे सगळं त्याच्या कितीतरी आधीपासून मुलांच्या वाट्याला आलेलं असतं. मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हे सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये मान्य केला. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा करताना बालसभा घेणंही अपेक्षित आहे. पुष्कळ ठिकाणी ती होते ती अशी: स्वागतगीत, पाहुण्यांची भाषणं, फोटो. मुलं सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात.

याहून बरी बालसभा कोणालाही घेता येते. शिक्षक, वाचनालय चालवणारे, अंगणवाडीताई, गणेश मंडळातले जाणते कार्यकर्ते, कोणीही. गट साधारण बारा ते सतरा वयाचा धरा. एक अट मात्र शेवटपर्यंत पाळा: गावाचा प्रश्न कोणता, हे मोठ्यांनी आधी ठरवून मुलांच्या तोंडी घालायचं नाही.

सुरुवात ऑगस्टमध्ये करा

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा सुरू होते. त्याआधी मुलांचं म्हणणं तयार हवं. शिवाय पावसात गाव खरं दिसतं. गटार कुठे तुंबतं, वर्गात कुठे गळतं, कोणत्या वस्तीचा रस्ता बंद होतो, हे उन्हाळ्यात कळत नाही. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या अनेक गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची बिऱ्हाडं निघतात. जानेवारीत बालसभा घेतली तर ज्यांची शाळा दरवर्षी मध्येच तुटते, तीच मुलं तिथे नसतात.

कोणाला बोलवायचं

पंधरा-वीस जणं पुरे. मुख्याध्यापकांकडे नावं मागितली की वक्तृत्वात बक्षीस मिळवणारी मुलं येतात. तीही असू द्या, पण शाळा सुटलेली, गुरं राखणारी, गावाबाहेरच्या वस्तीवरची मुलं स्वतः जाऊन बोलवा. मुली याव्यात असं वाटत असेल तर आधी त्यांच्या आयांना भेटा आणि अंधार पडायच्या आत सगळं आटपेल अशी वेळ ठेवा.

जमिनीवर नकाशा

पहिल्या बैठकीत प्रश्नांचा विषयच काढू नका. समाजमंदिराच्या फरशीवर किंवा शाळेच्या पटांगणात खडू, रांगोळी, काड्या, खडे घेऊन गाव काढायला सांगा. मुलगे एकीकडे, मुली दुसरीकडे. मुलग्यांच्या नकाशात सहसा मैदान, पार, स्टँड, पोहायची विहीर ठळक येते. मुलींच्या नकाशात हापसा, पिठाची गिरणी, मैत्रिणींची घरं, क्लासची वाट. मग भीती वाटते तिथे खडा आणि आवडतं तिथे पान ठेवायला सांगा.

आता नीट बघा. मुलींनी गिरणीची वाट सरळ न काढता मागून वळवून काढलेली असेल, तर बोट ठेवून एवढंच विचारा, "इथून वळसा का गं?" आणि थांबा. मध्ये बोलू नका. एकमेकींकडे बघणं होईल, थोडं हसणं होईल, मग कोणीतरी सांगेल की तिथल्या खांबावरचा दिवा बंद आहे आणि खाली पोरं बसलेली असतात. "गावातल्या समस्या सांगा" असं विचारलं असतं तर याच मुलींनी प्रदूषण आणि प्लॅस्टिक सांगितलं असतं, कारण निबंधात तेच लिहायचं असतं.

फेरी टोकापासून

दुसऱ्या बैठकीत पाच-सहा जणांचे गट करून गाव फिरा. फेरी चावडीपासून सुरू करू नका. तिथून निघालं की दूरच्या वस्तीपर्यंत पोचेस्तोवर मुलं दमतात आणि "तिकडे पुन्हा कधीतरी जाऊ" होतं. आधी टोकाच्या वस्तीवर जा आणि तिथून गावात या. वहीत चार गोष्टी लिहायच्या: काय दिसलं, नेमकं कुठे, केव्हापासून, कोणी सांगितलं. घरातल्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत.

तक्रारीपासून प्रश्नापर्यंत

खरं काम इथे आहे, त्याला भरपूर वेळ द्या. "आमच्या गल्लीत पाणी येत नाही" ही तक्रार झाली. कोणत्या गल्लीत, आठवड्यातून कितीदा, किती वेळ, धार केवढी, हे मुलांना मोजू द्या. जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाणी ठरवलं आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या अठरा बादल्या आणि थोडं वर. आठवडाभर आपल्या घरी किती बादल्या भरल्या ते मुलं टिपतील. मग पाणी सोडणाऱ्या काकांना भेटायचं आणि वहीतले आकडे दाखवून विचारायचं. बऱ्याचदा असं कळतं की टाकी भरते, पण वरच्या गल्लीत लोक नळाला मोटर लावतात, म्हणून टोकाच्या घरापर्यंत पाणी पोचत नाही. मोटर लावणाऱ्यांत गटातल्याच कोणाचं घर निघालं तर त्याला कोंडीत पकडू देऊ नका. "मोटर का लावावी लागते?" हा प्रश्न सगळ्यांना मिळून सोडवायला द्या. त्यातूनच पाण्याच्या वेळा, व्हॉल्व्ह, जुनी पाइपलाइन यांवर बोलणं येतं.

एसटीचंही तसंच. मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो, पण शाळा सुटायच्या आधीच गाडी निघून जात असेल तर पास दप्तरातच राहतो. इथे प्रश्न वेळापत्रकाचा आहे आणि तो आगार व्यवस्थापकाकडे जातो. शाळेचं पत्र, ग्रामपंचायतीचा ठराव आणि त्या गाडीच्या विद्यार्थ्यांची गाववार यादी सोबत जोडा.

नकाशावर न येणारं

बालविवाह, घरातली मारहाण, दारू, अंगाला हात लावणं. हे विषय गटात उघडपणे काढायला लावू नका आणि कोणालाही नाव घ्यायला सांगू नका. एखादं मूल एकटं येऊन सांगेल, तेव्हा "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. मदत मिळवायची तर कोणाला तरी सांगावंच लागतं, हे त्याला समजेल असं बोला. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन मोफत आहे. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी ग्रामसेवकाकडे असते.

चिंचोके आणि मक्याचे दाणे

प्रश्न पाच-सहा झाले की प्रत्येकाची चिठ्ठी जमिनीवर मांडा. मुलींना पाच-पाच चिंचोके, मुलग्यांना पाच-पाच मक्याचे दाणे द्या. ज्याला जो प्रश्न महत्त्वाचा वाटतो तिथे त्याने ते ठेवायचे. एका चिठ्ठीवर नुसते चिंचोकेच दिसले तर ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं, भाषण करावं लागत नाही.

पण ढीग मोजून लगेच निकाल लावू नका. टोकाच्या वस्तीवरची दोनच मुलं असतील तर त्यांचा ढीग लहानच राहणार. कमी दाण्यांच्या चिठ्ठीवर आधी बोलायचं, आणि ज्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही त्यांनी आधी बोलायचं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगटात विषय समजून घेतात आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतो. समजून घेणं आणि ठरवणं वेगळं ठेवण्याची ही रीत मुलांच्या गटालाही लागू पडते. चर्चा आज, निवड पुढच्या बैठकीत. निवडायचे दोनच प्रश्न.

ग्रामसभेपुढे

सभेच्या आधी दोन-तीन मुलांना घेऊन सरपंच आणि ग्रामसेवकांना भेटा आणि मुलांचे प्रश्न विषयपत्रिकेत घ्यायची लेखी विनंती करा, पोच घ्या. एका पानावर प्रश्न, मोजलेले आकडे आणि मागणी लिहा. सभेत मुलांनी स्वतः बोलावं, एका प्रश्नाला तीन मिनिटं. आदल्या दिवशी तालीम घ्या आणि मुलग्यांपैकी एकाला "तुम्हाला काय कळतंय यातलं?" असं विचारणारा गावकरी करा. ते वाक्य सभेत बहुतेक येतंच.

चर्चा झाली की ती इतिवृत्तात आली का ते पाहा आणि ठरावाची नक्कल मागा. नक्कल मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, त्याची मुदत साधारण ३० दिवसांची असते. अर्ज मोठ्यांनी करावा, मुलांना पुढे करू नये.

आठवड्याच्या आत गटाला पुन्हा बसवा आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगा. दिव्याचं काम लगेच होण्यासारखं असतं, पाइपलाइनला वर्ष जाऊ शकतं. "निधी नाही" असं उत्तर आलं असेल तर तेही शाळेच्या फळ्यावर लिहा. त्याखाली पुढच्या ग्रामसभेची तारीख आणि तिथे पाठपुरावा करणाऱ्या दोघांची नावं लिहा, एक मुलगी आणि एक मुलगा.