या चुका टाळा : मुलांना ‘विचार करा’ म्हणताना

मुलांमध्ये चिकित्सक विचार रुजवायचाय असं ठरलं की शाळेत दोन गोष्टी लगेच होतात. वेळापत्रकात एक जादा तास घुसतो आणि भिंतीवर ‘प्रश्न विचारा’ असा तक्ता लागतो. मग त्याच तक्त्याखाली एखादं पोर खरंच प्रश्न विचारतं आणि त्याला ऐकावं लागतं, ‘आत्ता मध्येच नको.’ मागच्या बाकावर बसून इतरांचे तास पाहणं हे माझं कामच आहे. त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

उत्तर मुठीत ठेवून ‘का?’ विचारणं

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. एका शाळेतला विज्ञानाचा तास. बशीत पाणी, मधोमध जळती मेणबत्ती, वरून काचेचा पेला उपडा घातलेला. मेणबत्ती विझली, पेल्यात पाणी चढलं. बाईंनी विचारलं, ‘का चढलं?’ भराभर हात वर झाले आणि सगळ्यांचं उत्तर एकच: ऑक्सिजन जळून संपला, तो हवेचा पाचवा हिस्सा, त्याची जागा पाण्याने घेतली. शाबासकी मिळाली. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, ‘पण बाई, मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी फारसं हललंच नाही. विझल्यावर भसकन वर आलं.’

बाई म्हणाल्या, ‘पुस्तकात काय दिलंय ते बघ.’ मुलगी खाली बसली.

सगळ्या वर्गात डोळे उघडे ठेवून बघितलं होतं ते तिनेच, आणि तिचंच बरोबर होतं. ज्योतीमुळे पेल्यातली हवा तापून फुगते, थोडी काठाखालून बुडबुड्यांवाटे निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. ऑक्सिजन तर पुरता संपतही नाही, त्याआधीच मेणबत्ती विझते. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो जागा व्यापतोच. पण हे सगळं फळ्यावर लिहून देण्याची गरजच नव्हती. ‘बरं, मग दोन मेणबत्त्या लावून बघू या का?’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पेल्यातला ऑक्सिजन तेवढाच, म्हणजे पुस्तकाच्या हिशेबाने पाणी तेवढंच चढायला हवं. प्रत्यक्षात ते जास्त चढतं. पाच मिनिटांचं काम, पण ‘पोर्शन’ राहतो ना!

माझी सवय सांगते. प्रयोगाआधी प्रत्येकाने काय होईल आणि का होईल ते वहीत पेनाने लिहायचं. खाडाखोड चालणार नाही. प्रयोग झाल्यावर माझा पहिला प्रश्न असतो, ‘कुणाचं चुकलं?’ ज्याचं चुकलं तो आधी बोलतो. सुरुवातीला पोरं दबतात, नंतर हात वर करायला चढाओढ लागते.

याच्याच जोडीला पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाचा 1960 सालचा खेळ खेळून बघा. फळ्यावर 2, 4, 6 लिहायचं आणि सांगायचं, हे आकडे एका नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सुचवा, मी हो-नाही सांगेन, नियम ओळखा. पोरं 8, 10, 12 सुचवतात, ‘हो’ मिळतं, आणि ‘दोन-दोनने वाढतात’ म्हणून मोकळी होतात. खरा नियम फक्त ‘चढत्या क्रमाने’ एवढाच. 1, 2, 50 किंवा 6, 4, 2 सुचवून आपलाच अंदाज पाडून बघायचं सहसा कुणाला सुचत नाही. मोठ्यांनाही नाही, शिक्षकांच्या बैठकीत खात्री करून घ्या.

दम न धरणं

प्रश्न विचारायचा आणि लगेच आपणच उत्तर द्यायचं. मेरी बड रो या संशोधिकेने अमेरिकेतल्या विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकल्या. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीनेक सेकंद थांबू लागल्यावर उत्तरं लांबली, एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद! हे 1970 च्या दशकातलं काम आहे, तरी आजही ‘चला, पुढे’ ऐकू येतंच. मी प्रश्न विचारला की पाण्याची बाटली उघडते, घोट घेते, झाकण लावते. उत्तर आल्यावरही लगेच ‘शाब्बास’ म्हणत नाही, कारण ते ऐकलं की बाकीची मुलं विचार करणं थांबवतात.

बाकीच्या, थोडक्यात

विषयाशिवाय नुसता ‘विचार’ शिकवणं. अपूर्णांक न कळणारं पोर टक्केवारीतली लबाडी कशी पकडणार? तो जादा तास रद्द करून गणिताला द्या.

तर्कदोषांची, म्हणजे युक्तिवादात होणाऱ्या ठरावीक चुकांच्या नावांची, यादी पाठ करून घेणं. मुलं ती नावं एकमेकांना शिव्यांसारखी घालतात, बाकी काही होत नाही.

‘प्रत्येकाचं मत आपापल्या जागी बरोबर.’ हा निव्वळ आळस आहे.

वादविवादात फक्त जिंकणाऱ्याला बक्षीस देणं. मी अर्ध्यात बाजू बदलायला लावते.

प्रत्येक गणिताला उत्तर असतंच अशी सवय लावणं. फ्रान्समध्ये लहान मुलांना विचारलं होतं: जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, कप्तानाचं वय किती? बऱ्याच मुलांनी बेरीज करून 36 सांगितलं. माझ्या प्रत्येक चाचणीत असा एक प्रश्न असतो आणि ‘माहिती अपुरी आहे’ याला पूर्ण गुण.

आणि इंटरनेटवरचं पान खरं की खोटं ते त्या पानावरच बसून ठरवणं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी व्यावसायिक तथ्य-तपासनीसांना काम करताना पाहिलं, तेव्हा ते लोक अनोळखी पान झटकन सोडून दुसऱ्या टॅबमध्ये त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते शोधत होते. विद्यार्थी आणि चक्क इतिहासाचे प्राध्यापकही पानावरच रेंगाळले आणि दिसण्यावर भाळले. म्हणून माझ्या वर्गात तपासाची सुरुवात पान बंद करण्यापासून होते. ‘साइट छान दिसते’ हे कारण वहीत सापडलं, की वही परत.