पाण्याच्या ट्यूबमधला बँड

मॉलिक्युलर लॅबमध्ये रुजू होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू, त्याच्या तपासणीची बॅच लावली, जेल यूव्हीखाली ठेवलं, तर एकेक बँड (डीएनए सापडल्याची चमकती पट्टी) कसा ठसठशीत! मी खूश. मॅडमनी मात्र शेवटच्या लेनवर बोट ठेवून विचारलं, "आणि हे काय?" त्या ट्यूबमध्ये मी सॅम्पलऐवजी नुसतं पाणी घातलं होतं. बँड तिथेही होता, पुसट पण होताच.

पाण्यात विषाणूचा डीएनए असायलाच नको, म्हणजे तो कुठून तरी मिसळला होता. बॅच बाद. पुढचे चार दिवस बेंच ब्लीचने पुसण्यात आणि रिएजंटच्या नव्या बाटल्या फोडण्यात गेले. चूक माझीच होती. पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती करण्याची पद्धत) झालेल्या ट्यूब जिथे उघडायच्या, तिथलंच पिपेट मी मास्टर मिक्स (सगळ्या ट्यूबमध्ये घालायचं रसायनांचं मिश्रण) बनवायला उचललं होतं. पीसीआरमध्ये दर चक्राला डीएनए जवळजवळ दुप्पट होतो, त्यामुळे चाळीसेक चक्रांनंतर ट्यूबचं झाकण उघडताना उडालेला न दिसणारा थेंबही पुढची बॅच नासवायला पुरतो. म्हणून खोल्या वेगळ्या, पिपेट वेगळे, एप्रनसुद्धा वेगळा. पाण्याची ट्यूब सगळ्यात शेवटी भरायची, म्हणजे भरताना झालेला घोळ तिच्यात उतरतो. आणि निकाल बघताना सगळ्यात आधी तीच बघायची.

नव्याने येणारे विचारतात, एवढा पीसीआरचा सोस कशाला, विषाणू वाढवून का बघत नाही? हा विषाणू नेहमीच्या सेल कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींत, वाढत नाही. रक्तातल्या अँटिबॉडीवरूनही आता संसर्ग आहे की नाही ते कळत नाही. मग उरतो त्याचा सुमारे ८००० बेसपेअरचा (बेसपेअर म्हणजे डीएनएच्या शिडीची एक पायरी) गोल डीएनए. एमवाय०९ आणि एमवाय११ ही प्रायमरची (कुठला भाग वाढवायचा ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची) जुनी जोडी त्यातल्या एल१ जीनचा साधारण ४५० बेसपेअरचा तुकडा पकडते. पॅराफिन ब्लॉकमधला, म्हणजे मेणात जपलेल्या ऊतीतला, डीएनए तुटलेला असतो, तिथे जीपी५+ आणि जीपी६+ ही जोडी बरी, कारण तिचा तुकडा जेमतेम १५० चा. शिवाय कॅन्सरच्या पेशीत विषाणूचा डीएनए आपल्या गुणसूत्रात घुसतो तेव्हा एल१चा भाग गळून जाऊ शकतो. ई६ आणि ई७ ही जीन मात्र टिकून राहतात. ई६ प्रथिन पेशीतलं पी५३ नष्ट करवतं, ई७ आरबीला निकामी करतं, आणि पेशीच्या वाढीचे दोन्ही ब्रेक जातात. हे पाठ करून मी परीक्षेत मार्क मिळवले होते. पण प्रायमर कुठल्या जीनवर बसवायचा हा प्रश्न त्यातूनच सुटतो, हे लॅबमध्ये आल्यावर कळलं.

पॉझिटिव्ह कंट्रोल (ज्यात विषाणू आहे हे आधीच माहीत असतं असा नमुना) निवडताना स्वतःला फसवू नका. लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या कॅस्की या कॅन्सरपेशींमध्ये एचपीव्हीच्या टाइप १६ या प्रकाराच्या दर पेशीत सुमारे ६०० प्रती असतात, तिथे कुठलीही ढिसाळ टेस्ट पास होते. सीहा पेशींमध्ये एक-दोनच प्रती असतात. खरा कस तिथे लागतो. सी३३ए पेशींमध्ये विषाणूच नाही, म्हणून ती निगेटिव्ह कंट्रोल. हेला पेशी १९५१ सालच्या, टाइप १८ वाल्या. जर्मन विषाणूशास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने १९८३ मध्ये टाइप १६ आणि १९८४ मध्ये टाइप १८ गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून वेगळे काढले. त्याआधी बराच काळ संशय हर्पिस या दुसऱ्या विषाणूवर होता. त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं.

मानवी बीटा-ग्लोबिन या जीनचा कंट्रोलही सोडू नका. तो आला नाही तर सॅम्पल 'निगेटिव्ह' नसतं, 'इनव्हॅलिड' असतं. सॅम्पल घ्यायच्या ब्रशवर पेशीच आल्या नसतील किंवा रक्ताने पीसीआर अडवला असेल.

आता सगळ्यात उशिरा उमगलेली गोष्ट. दहा प्रती पकडणारी टेस्ट बसवली म्हणून मी मिरवत होते. मॅडम म्हणाल्या, "छान. आता अशा दहा प्रती निघालेल्या बाईचं काय करायचं?" उत्तर नव्हतं. बहुतेक संसर्ग वर्ष-दोन वर्षांत शरीर स्वतःच मोडून काढतं. जो वर्षानुवर्षं चिवटपणे राहतो, त्यातूनच आधी पूर्वकर्करोग आणि साधारण १५ ते २० वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. स्क्रीनिंगमध्ये दोन-चार प्रती शोधून आपण निरोगी बाईला घाबरवतो आणि कॉल्पोस्कोपीची (भिंगातून गर्भाशयमुख तपासण्याची) रांग वाढवतो. हायब्रिड कॅप्चरसारख्या एचपीव्ही डीएनए टेस्टचा कटऑफ मुद्दाम वर, सुमारे ५००० प्रतींपाशी ठेवलेला असतो. मला तो आधी मागासपणा वाटला होता! तसंच सीटी व्हॅल्यूचं, म्हणजे डीएनए कितव्या चक्रात दिसला त्या आकड्याचं. सीटी कमी म्हणजे आजार जास्त, असं वाचू नका. ब्रशवर पेशी किती आल्या यावरही ती हलते.

टाइप मात्र जरूर बघा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के १६ आणि १८ मुळे होतात, म्हणून अनेक किट हे दोन वेगळे दाखवतात आणि बाकीचे हाय-रिस्क, म्हणजे कॅन्सर घडवू शकणारे, टाइप एकत्र. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्राथमिक तपासणीसाठी डीएनए टेस्टला पसंती दिली, सर्वसाधारणपणे तिशीपासून, दर ५ ते १० वर्षांनी. सॅम्पल बाईने स्वतः घेतलं तरी चालतं. त्यामुळे या कामाला माणसं लागणार आहेत.

रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' एवढंच छापू नका. 'हाय-रिस्क एचपीव्ही डीएनए आढळला, टाइप अमुक. ही कॅन्सरची चाचणी नाही, पुढील तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने' अशी ओळ घाला. ती नसली की फोन लॅबमध्ये येतो, आणि पलीकडचा आवाज रडत असतो.