‘सुटू शकते’ म्हणजे काय? ॲपमधले संदेश नेमके कसे लिहावेत

मालवणच्या जेटीवर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीची वाट बघताना, एका बुकिंग ॲपवरचा संदेश मी मोठ्याने वाचला: ‘बोट १० वाजता सुटू शकते.’ शेजारच्या आजोबांनी विचारलं, “मगे सुटतली की नाय?”

संदेश लिहिणाऱ्याने हाच प्रश्न आधी विचारायला हवा होता.

पहिलं काम: ॲपचे संदेश ज्या फाइलमध्ये असतात तिच्यात ‘शकता’, ‘शकते’ शोधा. या एका क्रियापदावर आपण कुवत, परवानगी आणि शक्यता अशी तीन ओझी लादतो. कुवत असेल तर ‘इथून तिकीट रद्द करता येते’. परवानगी असेल तर ‘लहान मुलाला मांडीवर घेतले तरी चालेल’. शक्यता असेल तर कशामुळे, ते लिहा: ‘वारा वाढला तर फेरी रद्द होईल.’ कारण आलं की ‘शकते’ आपोआप गळतं. आणि पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद ‘असू शकतात’ असं लिहू नका. त्या बंद असतात.

मग सक्ती: अट कुठली आणि नुसती शिफारस कुठली? इंटरनेटच्या मानकांपुरता हा घोळ १९९७ सालच्या आरएफसी २११९ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) मिटवला: ‘मस्ट’ म्हणजे अट, ‘शुड’ म्हणजे सबळ कारणाशिवाय मोडू नये अशी शिफारस, ‘मे’ म्हणजे ऐच्छिक. २०१७च्या आरएफसी ८१७४ने स्पष्ट केलं की शब्द कॅपिटलमध्ये असला तरच हा खास अर्थ घ्यायचा. आपल्या लिपीत कॅपिटल नाहीत, म्हणून भार क्रियापदावरच येतो. मी अटीला ‘लागेल’ वापरतो (‘ओळखपत्र दाखवावे लागेल’) आणि शिफारशीला सरळ ‘बरे पडेल’. ‘करावे’ टाळतो. सरकारी कागदावर ‘अर्ज सादर करावा’ हा हुकूम असतो, सोलकढीच्या कृतीत ‘मीठ घालावे’ हा सल्ला. (मथळ्यात ‘लिहावेत’ आहे खरं, पण तो सल्लाच आहे.)

चूक दाखवताना घडून गेलेलं भूतकाळात सांगा. ‘बुकिंग होऊ शकत नाही’ वाचून माणूस कायमचा नाद सोडतो. ‘बुकिंग झाले नाही’ वाचून पुन्हा प्रयत्न करतो. ‘पैसे कापले गेले असतील’ मधलं ‘असतील’ ॲपलाच खरोखर माहीत नसेल तेव्हापुरतं ठेवा, आणि लगेच पुढे लिहा: ‘बँकेचे उत्तर येईपर्यंत पुन्हा पैसे भरू नका.’

जेटीवरचा संदेश मी असा लिहीन: ‘बोट १० वाजता सुटेल. वारा वाढला तर फेरी रद्द होईल. तसे ९ वाजेपर्यंत कळवू.’ फक्त तिकीट खिडकीवरचा माणूस नऊच्या आत खरंच कळवतो का, ते आधी त्याला विचारून घ्या.