ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल : शनिवारच्या सामन्यासाठी संघ कसा निवडावा

मेलबर्नच्या उपनगरांतील फूटी (या खेळाचे बोलीतले नाव) क्लबांमध्ये गुरुवारची संध्याकाळ संघनिवडीसाठी राखलेली असते. सराव आटोपतो, खेळाडू क्लबच्या हॉलमध्ये जेवायला बसतात आणि मागच्या खोलीत मुख्य प्रशिक्षक, राखीव संघाचे प्रशिक्षक आणि दोन-तीन जुनेजाणते सभासद एका पांढऱ्या फळ्यासमोर उभे राहतात. फळ्यावर लंबवर्तुळाकार मैदान आखलेले असते आणि खेळाडूंची नावे लिहिलेल्या चुंबकाच्या छोट्या पट्ट्या बाजूला चिकटवलेल्या असतात. बारा-तेरा पट्ट्या पाच मिनिटांत आपापल्या जागी बसतात. उरलेल्या जागांसाठी मात्र दीड तास जातो. एका हौशी क्लबच्या निवड समितीत काही हंगाम काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की आधी मैदानावरची अठरा कामे ठरवावीत आणि मग त्या कामांना माणसे नेमावीत. गुणवत्तेच्या उतरत्या क्रमाने यादी करून वरची अठरा नावे उचलली, तर कागदावर भक्कम दिसणारा संघ मैदानावर विस्कळीत होतो.

क्रिकेटवर वाढलेल्या मराठी वाचकासाठी खेळाची थोडी ओळख आवश्यक आहे. १८५८ साली टॉम विल्स या क्रिकेटपटूने हिवाळ्यात क्रिकेटपटूंची तंदुरुस्ती टिकावी म्हणून एखादा फुटबॉल क्लब काढावा असे सुचवले, आणि १८५९ च्या मे महिन्यात मेलबर्न फुटबॉल क्लबने पहिले नियम लिहून काढले. म्हणूनच हा खेळ आजही क्रिकेटच्या गोलसर मैदानांवर खेळला जातो. मैदानाला एकच ठरीव माप नाही. लांबी १३५ ते १८५ मीटर आणि रुंदी ११० ते १५५ मीटर यांच्या दरम्यान असते. प्रत्येक बाजूचे १८ खेळाडू मैदानात असतात, चेंडू पायाने मारता येतो किंवा मुठीने ढकलता येतो, गोलला ६ गुण आणि गोलचा खांब आणि त्याच्या बाजूचा खांब यांमधून गेलेल्या ‘बिहाइंड’ला १ गुण मिळतो. ऑफसाइडचा नियम नाही, त्यामुळे कोणीही कुठेही जाऊ शकतो, आणि नेमक्या याच कारणामुळे कोणी कुठे असावे याचा विचार आधी करून ठेवावा लागतो.

निवडीचे पहिले काम म्हणजे उपलब्ध खेळाडूंची खरी संख्या ठरवणे. हे काम मंगळवारच्या सरावालाच सुरू करावे, कारण गुरुवारी रात्री कळणारी लग्ने, परीक्षा आणि रुग्णालयातल्या रात्रपाळ्या सगळा हिशोब उलटवून टाकतात. दुखापतींच्या बाबतीत खेळाडूच्या शब्दावर विसंबू नये. मांडीचा मागचा स्नायू दुखावलेल्या खेळाडूला गुरुवारी पूर्ण वेगाने धावायला लावावे, आणि तो पळताना आखडत असेल तर त्याचे नाव काढावे. डोक्याला मार लागून कन्कशन झाले असेल तर चर्चेला जागाच नसते. स्थानिक पातळीवरील खेळाडूला किमान २१ दिवस मैदानाबाहेर राहावे लागते आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परतता येत नाही. सामना अंतिम फेरीचा असला तरी त्यात सूट मागू नये. व्हिक्टोरिया राज्यातील क्लबांना आणखी एक हिशोब पाहावा लागतो. तेथे प्रत्येक वरिष्ठ खेळाडूला गुण लावलेले असतात आणि संघातील गुणांच्या बेरजेवर लीगने मर्यादा घातलेली असते. क्लबच्याच ज्युनिअर संघांतून वर आलेल्या मुलाला १ गुण लागतो, तर वरच्या पातळीवर खेळून आलेल्याला बरेच अधिक. बाहेरून आणलेली चार मोठी नावे एकाच शनिवारी उभी करण्याचा मोह त्यामुळे आपोआप आवरला जातो. माझ्या मते हा नियम फार चांगला आहे. घरच्या मुलांना तो न्याय देतो.

यानंतर संघाचा कणा बसवावा. फुल बॅक (आपल्या गोलसमोरचा बचावपटू), सेंटर हाफ बॅक (त्याच्या पुढचा मधला बचावपटू), मधल्या चौकोनातला रकमन, सेंटर हाफ फॉरवर्ड (पुढच्या फळीच्या मध्यावरचा) आणि फुल फॉरवर्ड (प्रतिस्पर्ध्यांच्या गोलसमोरचा) यांची नावे सर्वांत आधी लावावीत, कारण उंच आणि हवेत भक्कम असलेली माणसे प्रत्येक क्लबकडे मोजकीच असतात आणि त्यांची जागा दुसऱ्या कोणाला सहजासहजी घेता येत नाही.

त्यातही रकमनचा प्रश्न सर्वांत अवघड असून सर्वांत जास्त वेळ त्यालाच द्यावा. खेळ पुन्हा सुरू होताना दोन्ही संघांचे रकमन उडी मारून चेंडू आपल्या साथीदाराकडे थोपटतात. हे काम दर काही मिनिटांनी, धक्के खात, करावे लागते, आणि वीस-वीस मिनिटांचे, थांबलेला वेळ धरून त्याहूनही लांबणारे चार डाव कोणताही उंच माणूस एकट्याने ओढू शकत नाही. तेव्हा ‘पहिला रकमन कोण’ यापेक्षा ‘तो दमल्यावर दहा मिनिटे कोण उभा राहणार’ हा प्रश्न आधी विचारावा. दुसरा पूर्णवेळ रकमन घेतला तर तो उरलेल्या वेळात पुढच्या फळीत उभा राहणार. मग त्याला तिथे झेल, म्हणजे मार्क, घेता येतो का? येत नसेल तर संघ एका धावणाऱ्या खेळाडूला मुकतो आणि प्रतिस्पर्ध्यांचा बचावपटू मोकळा सुटतो. आमच्या फळ्यावर एकदा दोन उंच खेळाडूंच्या पट्ट्या जवळजवळ तासभर वरखाली होत राहिल्या. शेवटी आम्ही दुसरा रकमन वगळला, सेंटर हाफ फॉरवर्डला दर डावात सहा-सात मिनिटे रकला पाठवण्याचे ठरवले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर एक चपळ मुलगा घेतला. त्या मुलाने गोल केला नाही, पण प्रतिस्पर्ध्यांच्या बचावपटूंना चेंडू घेऊन शांतपणे वळू दिले नाही, आणि तेवढ्यावर सामना आमच्याकडे झुकला.

रकमन निवडताना निव्वळ उंची पाहू नये. डब्लिनहून आलेला जिम स्टाइन्स गेलिक फुटबॉल खेळून वाढला होता. तो मेलबर्न क्लबचा रकमन झाला, पण थोपटून झाल्यावर मधल्या फळीतल्या खेळाडूसारखा मैदानभर धावत असे. १९९१ साली त्याला व्यावसायिक लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक मिळाले. क्लबकडे बास्केटबॉल किंवा व्हॉलीबॉल खेळलेला उंच मुलगा आला असेल, तर त्याला चेंडू लाथाडता येतो की नाही यापेक्षा तो पडल्यावर किती लवकर उठून पुन्हा धावतो ते पाहावे. किक शिकवता येते.

मधल्या फळीत तीन निरनिराळ्या स्वभावांची माणसे एकत्र आणावीत. एक गर्दीत वाकून जमिनीवरचा चेंडू उपसणारा असावा, दुसरा तो चेंडू घेऊन मोकळ्या जागेत सुसाट पळणारा असावा आणि तिसऱ्याला प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वोत्तम खेळाडूची सावली होऊन राहण्यात कमीपणा वाटू नये. तिघेही चेंडू उपसणारेच निवडले तर चेंडू जिंकला जातो आणि पुढे जात नाही. पुष्कळ क्लबांत होणारी चूक अशी की मधल्या फळीतले सहा-सात चांगले खेळाडू घेतले जातात आणि जागा उरली नाही म्हणून दोघांना हाफ फॉरवर्डच्या कडेला ढकलले जाते. त्यांना तिथल्या कामाची सवय नसते. ते चेंडूच्या मागे मधे धावत येतात आणि पुढची फळी रिकामी पडते. व्यावसायिक लीगने २०१९ पासून मध्यावर खेळ सुरू होताना पुढे सहा, मधे सहा आणि मागे सहा खेळाडू असलेच पाहिजेत असा नियम केला. आपल्या लीगमध्ये तो लागू नसला तरी फळ्यावर संघ मांडताना हीच रचना समोर ठेवावी. कोणत्या पट्टीत खरोखरचे सहा नाहीत ते लगेच उघडे पडते. महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये मैदानात १६ खेळाडू असतात, त्यामुळे तिथे पुढे आणि मागे एकेक कमी धरावा.

बचावफळी प्रतिस्पर्धी समोर ठेवूनच निवडावी लागते. त्यांच्याकडे दोन उंच फॉरवर्ड असतील तर आपल्यालाही दोन उंच बचावपटू हवेत. तिसरा घेतला तर तो एखाद्या बुटक्या, चलाख खेळाडूच्या मागे दिवसभर फरफटत जातो. मागच्या सहांपैकी निदान दोघांची किक बिनचूक असावी, कारण प्रतिस्पर्ध्यांचा प्रत्येक बिहाइंड झाल्यावर चेंडू आपल्याच गोलसमोरून बाहेर काढायचा असतो आणि तिथली एक चुकीची किक सरळ सहा गुण देऊन जाते.

पुढच्या फळीचा निर्णय हवामानाचा अंदाज पाहिल्याशिवाय करू नये. मेलबर्नमध्ये जून-जुलै हा ऐन हिवाळा असतो. मैदानाचा मधला भाग चिखलाने काळा पडतो, चेंडू जड आणि निसरडा होतो, आणि कोरड्या दिवशी हवेतले चेंडू सहज पकडणारा उंच फॉरवर्ड अशा दुपारी नुसता उभा राहतो. पाऊस पक्का असेल तर एक उंच खेळाडू कमी करून जमिनीवर पडलेला चेंडू पहिल्याच वाकण्यात उचलणारा घ्यावा. डावखुऱ्या पायाचा खेळाडू उपलब्ध असल्यास तो गोलच्या उजव्या अंगाला ठेवावा. उजव्या पायाच्या खेळाडूंना त्या बाजूचा कोन अवघड जातो.

बेंचवर किती खेळाडू ठेवता येतात हे लीगचे नियम ठरवतात, पण बेंच म्हणजे उरलेल्यांचा बाक असे कधीही समजू नये. मुख्य लीगच्या १९७० च्या अंतिम सामन्यात मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर कार्लटन क्लब मध्यंतराला कॉलिंगवुडच्या ४४ गुणांनी मागे होते. प्रशिक्षक रॉन बरासी यांनी एकोणिसावा खेळाडू टेड हॉपकिन्स याला मैदानात उतरवले. त्या काळी एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नसे, म्हणजे हा बदल मागे घेता येणारा नव्हता. हॉपकिन्सने उत्तरार्धात चार गोल केले आणि कार्लटनने सामना १० गुणांनी जिंकला. आता खेळाडू आत-बाहेर करता येतात, तरीही बेंचवर एक तरी असा असावा जो सामन्याची चाल बदलेल, आणि एक असा असावा जो पुढे, मागे, कडेला कुठेही उभा राहू शकेल. पहिल्या डावात घोटा मुरगळून कोणी बाहेर आला की या दुसऱ्या माणसाची किंमत कळते.

शेवटच्या दोन जागांसाठी राखीव संघाकडे पाहावे, आणि पाहावे म्हणजे खरोखर मैदानाच्या कडेला उभे राहून पाहावे. कोणाला किती वेळा चेंडू मिळाला याचा आकडा फसवतो. कमकुवत प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध कोपऱ्यात उभे राहून तीस वेळा चेंडू घेणारे पुष्कळ असतात. चेंडू हातातून गेल्यावर तो खेळाडू काय करतो, हरलेल्या झुंजीनंतर माणसाच्या मागे धावतो का, साथीदार मार्क घ्यायला उडी मारत असताना खाली पडणाऱ्या चेंडूसाठी जागा धरतो का, हे टिपून ठेवावे. सलग तीन आठवडे असे खेळणाऱ्याला संधी दिलीच पाहिजे. ती न दिल्यास राखीव संघातील वीस-बावीस जणांना आपला खेळ कोणी पाहतच नाही असे वाटू लागते, आणि मंगळवारच्या सरावाची उपस्थिती घटते. मात्र एका आठवड्यात तीनपेक्षा अधिक बदल शक्यतो टाळावेत.

वगळण्याचा निर्णय ज्याच्या वाट्याला येतो त्याला तो मुख्य प्रशिक्षकाने स्वतः, समोरासमोर किंवा फोनवर, संघ जाहीर होण्यापूर्वी सांगावा. १९९३ साली मुख्य लीगमधील एसेंडन क्लबच्या डेरेक किकेटने अंतिम सामन्यापर्यंतचे हंगामातील सर्व सामने खेळले होते. प्रशिक्षक केव्हिन शीडी यांनी त्याला नेमके अंतिम सामन्यातून वगळले. एसेंडनने विजेतेपद मिळवले, पण किकेट त्या क्लबकडून पुन्हा कधीही खेळला नाही. निर्णय बरोबर होता की चूक, यावर आजही वाद घालता येईल. त्या खेळाडूला काय वाटले असेल याबद्दल मात्र वाद होऊ शकत नाही. आमच्या समितीकडूनही एकदा निरोप द्यायचा राहिला. एका मुलाने वाहनतळावर उभे राहून मोबाइलवर यादी वाचली, तीत आपले नाव नाही हे पाहिले, बूट पिशवीत टाकले आणि न जेवता निघून गेला. पुढचे तीन आठवडे तो आला नाही. तेव्हापासून आम्ही फळ्यासमोरून उठण्याआधी कोणाला कोण सांगणार हे नावानिशी ठरवतो. सांगताना कारण एकच आणि खरे द्यावे: ‘या आठवड्यात त्यांची पुढची फळी बुटकी आहे, म्हणून तुझ्याऐवजी वेगवान बचावपटू घेतला.’ आणि परत येण्यासाठी काय करावे लागेल तेही त्याच वेळी सांगावे.

यादी लागल्यावर इमर्जन्सी म्हणून, म्हणजे ऐनवेळी कोणी गळाल्यास खेळायला, नेमलेल्या खेळाडूंशी वेगळे बोलावे. राखीव संघाचा सामना आधी असतो, म्हणून लीगचे नियम पाहून इमर्जन्सी खेळाडूला त्या सामन्यात अर्धा वेळच खेळवावे. कोणाला ताप आला किंवा कोणी सरावाच्या धावेतच लंगडला, तर पायात दम असलेला माणूस हाताशी हवा. पहिल्यांदाच वरिष्ठ संघात आलेल्या मुलाची गर्न्सी शुक्रवारीच काढून ठेवावी. बिनबाह्यांच्या या जर्सीला तिथे गर्न्सी म्हणतात, आणि आपल्याकडचा गंजीफ्रॉक हा शब्दही याच ‘गर्न्सी’वरून आलेला आहे. शनिवारी सामन्याआधी सगळा संघ गोल करून उभा राहिला की ती त्याच्या आईवडिलांच्या किंवा क्लबच्या एखाद्या जुन्या खेळाडूच्या हातून त्याला द्यावी.