तलंग म्हणजे नेमकी कोणती, आणि ती कशी पारखावी

तलंग हा शब्द जातीचा नाही, वयाचा आहे. पिल्लूपण सरलं, पण पहिलं अंडं अजून यायचंय अशी मादी म्हणजे तलंग. जास्त असल्या की तलंगा. साधारण आठव्या आठवड्यापासून विसाव्यापर्यंतचा हा काळ. अंडं दिलं की ती कोंबडी, अंड्यांवर ठाण मांडून बसली की खुडूक. इंग्रजीतला पुलेट याच अर्थाचा. तो फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला पुल्लुस आहे, म्हणजे जनावराचं किंवा पाखराचं पिल्लू. आपला शब्द सरकारी कागदावरही टिकून आहे: पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत 8 ते 10 आठवडे वयाच्या तलंगांचा 25 माद्या आणि 3 नर असा गट असतो.

बाजारात तलंग सांगून अंड्यावरून उतरलेली कोंबडी गळ्यात मारली जाते, म्हणून हातात घेऊन बघा. तुरा लहान आणि फिका हवा. पायाचे खवले गुळगुळीत, एकमेकांना चिकटलेले हवेत. छातीच्या हाडाचं मागचं टोक अंगठ्यानं दाबलं की कोवळ्या पक्ष्यात लवतं, जुन्यात कडक लागतं. आणखी एक खूण शेपटीखाली. तिथली दोन टोकदार हाडं तलंगेत इतकी जवळ असतात की मध्ये जेमतेम एक बोट मावतं. अंड्यावरच्या कोंबडीत दोन-तीन बोटं सहज जातात. अंडं येण्याची जागा तलंगेत लहान, गोल आणि कोरडी, अंडी देणारीत रुंद आणि ओलसर.

आणलेल्या तलंगा जुन्या कोंबड्यांत लगेच सोडू नका. दोन आठवडे वेगळ्या ठेवा, त्यांचं दाणा-पाणी शेवटी करा. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक 2006 साली नवापूरलाच झाला होता. खान्देशात तरी ही काळजी कुणाला जास्तीची वाटू नये.

खाद्यात दोन चुका नेहमीच्या. पहिली, लवकर अंडी यावीत म्हणून लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं, खाद्य आधीच सुरू करणं. त्यात कॅल्शियम तीन-साडेतीन टक्के असतं, तलंगेला एक टक्का पुरतं. जादाचं मूत्रपिंडावर येतं आणि पक्षी कायमचा अधू होतो. 16 टक्के प्रथिनांचं ग्रोअर, म्हणजे वाढत्या वयाचं, खाद्य द्या. बंदिस्त पाळल्यास पक्ष्यामागे रोज 60 ते 75 ग्रॅम लागतं. दुसरी चूक, घरात आहे म्हणून सरकीची पेंड घालणं. तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्यामुळे वाढ खुंटते आणि पुढे अंडी ठेवली की बलक काळपट-हिरवट पडतो. मका आपल्याकडे भरपूर, पण कणीस ओलं असताना भरलेला, बुरशीचा वास येणारा मका पाखडून, धुऊन, वाळवूनही देऊ नका. बुरशीचं विष दाण्यात राहतं आणि यकृत नासवतं.

खुराड्यात रात्री दिवा नको. वाढत्या उजेडानं तलंग अंग भरण्याआधीच अंड्यावर येते, अंडी बारीक राहतात, कधी मायांग बाहेर येतं. दिवस 16 तासांपर्यंत वाढवायचा तो अठराव्या-विसाव्या आठवड्यानंतर, हळूहळू.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) आर-टू-बी लस साधारण आठव्या आठवड्यात टोचतात. आठवडाभर आधी जंताचं औषध द्या, जंतांनी खंगलेल्या पक्ष्यात लस नीट लागत नाही. विकत घेताना लस झाली का ते विचारा.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 वर जातो. पत्र्यावर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाड थर घाला, पश्चिमेला ओलं गोणपाट लावा. खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावरच द्या. भर दुपारी पोटात दाणा असला की पचनाच्या उष्णतेची भर पडते आणि पक्षी चोच वासून धापा टाकतो. पाणी मडक्यातलं, सावलीत, दुपारी दोनदा बदललेलं. पक्ष्यामागे किमान एक चौरस फूट जागा ठेवा.

तुरा लालबुंद झाला आणि पाठीवर हात ठेवताच ती पंख किंचित उघडून खाली दबली, की अंडं दहा-पंधरा दिवसांवर आलं. आता लेअरचं खाद्य चालू करा, शिंपल्यांची भरड वेगळ्या भांड्यात ठेवा. चार-पाच जणींत एक याप्रमाणे कोरडं गवत घातलेल्या टोपल्या अंधाऱ्या कोपऱ्यात आताच मांडा. पहिलं अंडं जमिनीवर पडलं तर पुढची तिथंच पडत राहतात.